आठ मिनिटांची चूक

बाजारात त्यांना सगळे अचूकराव म्हणत. हे नाव समोरच्या घड्याळवाल्यानं ठेवलं होतं आणि तेही चिडून. त्याच्या भिंतीवरचं घड्याळ अर्धा मिनिट मागे आहे, हे अचूकरावांनी त्याला गिऱ्हाइकांसमोर लागोपाठ चार दिवस सांगितलं. पाचव्या दिवशी ते स्वतःच स्टूल घेऊन गेले आणि काटा सरकवून आले. कुठं काही तसूभर चुकलेलं दिसलं की त्यांचे हात शिवशिवत.

त्यांचा धंदा जुन्या जहाजांवरची उपकरणं दुरुस्त करण्याचा. खाली दुकान, वर घर. घरात ते आणि त्यांची ऐंशी उलटलेली आई. लग्न त्यांनी केलं नव्हतं. "केलं असतं तर तिलाही रोज घासूनपुसून नीट बसवत राहिला असता," असं आई म्हणे. दुपारी बारा ते दोन दुकान बंद. जेवण, जरा आडवं होणं आणि दोनच्या ठोक्याला पुन्हा खाली.

एका सोमवारी सकाळी निवृत्त कप्तान आला. हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक, संग्रहाचा नाद लागलेलं. काखेत लाकडी पेटी होती.

"एक खलाशांचं वसतिगृह बंद पडलं, त्याच्या माळ्यावर सापडला," तो म्हणाला. "सेक्स्टंट आहे, शंभर वर्षांचा तरी असेल. घाई नाही, पण काचेच्या कपाटात शोभला पाहिजे."

अचूकरावांनी पेटी उघडली. आत पितळेची चौकट, खाली अंशांच्या खुणांची कमान, तिच्यावरून सरकणारी दांडी, दोन आरसे आणि बोटभर दुर्बीण. ऐन दुपारी आरशातला सूर्य खाली ओढून क्षितिजावर टेकवायचा आणि दांडी थांबेल तिथला कोन वाचायचा. त्यावरून जहाज किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते कळतं. एका अंशाची साठ मिनिटं, आणि एक मिनिट म्हणजे समुद्रावरचा एक मैल.

कप्तान बोलत होता. त्या काळी असा प्रत्येक सेक्स्टंट वेधशाळेत तपासायला जायचा आणि त्याच्यात मुळातली चूक किती आहे, त्याचा सहीशिक्क्याचा दाखला पेटीत डकवून यायचा. बिनचुकीचा सेक्स्टंट जगात झालाच नाही म्हणे. अचूकराव ऐकत नव्हते. त्यांचं लक्ष लाकडी मुठीवर होतं. मुठीचा खालचा स्क्रू किंचित तिरका बसला होता. तो तिरका स्क्रू एकोणीस वर्षांच्या अचूकरावांनी बसवला होता. त्यांच्या हातचं ते पहिलं काम.

सेक्स्टंट दादाचा होता.

दादा त्यांच्याहून सात वर्षांनी मोठा, मालवाहू जहाजावर अधिकारी. एकतीस वर्षांपूर्वी त्याचं जहाज निघालं आणि कुठल्याच बंदराला लागलं नाही. सांगाडा सापडला नाही, फळकुटही सापडलं नाही. त्या प्रवासाला जाताना दादानं ही पेटी स्वतःच्या हातानं सामानात ठेवली होती आणि अचूकरावांनी ते पाहिलं होतं.

कप्तानाला ते काही बोलले नाहीत. तो गेल्यावर त्यांनी झाकणाचा आतला कागद भिंगाखाली धरला. वर वेधशाळेचा पिवळा दाखला आणि त्याखाली पेन्सिलीनं इंग्रजी आठाचे आकडे, ओळींमागून ओळी. दादाचेच, पोट बारीक आणि डोकं मोठं. हा सेक्स्टंट आठ मिनिटं जास्त दाखवायचा. दादा दर सोमवारी चूक तपासायचा आणि झाकणात तेवढा एक आकडा लिहायचा. इतर अधिकारी रोज तपासत. दादा म्हणायचा, वर्षानुवर्षं आठच येतात, तर रोज काय बघायचं.

शेवटच्या प्रवासाआधी अचूकराव त्याच्या मागे लागले होते, आरशाचा स्क्रू पाव फेरा फिरवून देतो, चूक शून्यावर येईल. दादानं पेटी उचलून छातीशी धरली होती.

"हात लावू नकोस. चूक मला पाठ आहे, मी ती वजा करतो. तू काढलीस की मला नवं काहीतरी पाठ करावं लागेल."

लहानपणापासून तो असाच. बाहेरून आला की आधी स्वतःचं टेबल बघायचा. पट्टी इंचभर हललेली असली तरी दारातूनच हाक यायची, "कुणी हात लावला?" आणि अचूकराव गॅलरीतून ओरडायचे, "मी नाही!" लावलेला मात्र त्यांनीच असायचा.

त्यांनी आकडे मोजले. दोनशे बारा भरले. सेक्स्टंट पुसला, दांडी शून्यावर नेऊन घट्ट केली आणि आईला त्या दिवशी काही सांगितलं नाही.

बुधवारी दोन वाजता ते खाली आले तेव्हा दांडी शून्यावर नव्हती.

घट्ट करायचं राहिलं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि वाचलेला कोन एका चिठ्ठीवर टिपून ठेवला, कारण न टिपता त्यांना चैन पडलं नसतं. दांडी पुन्हा शून्यावर नेली. गुरुवारी दुपारी ती वेगळ्याच कोनावर होती, शुक्रवारी आणखी वेगळ्या. कुलूप जसंच्या तसं. खिडकी आतून बंद, मांजर यायलाही फट नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी नाविकांचं पंचांग काढलं. दुपारच्या सूर्याचा कोन, त्यातून आठ मिनिटं वजा, त्या दिवसाचा पंचांगातला आकडा, आणि उत्तर म्हणजे अक्षांश. तिन्ही दिवसांची उत्तरं त्यांनी नकाशावर मांडली. रेघा एकाखाली एक, दोन-दोन अंशांच्या अंतरानं उतरत आल्या होत्या. तिरक्या वाटेनं येणारं धीमं मालवाहू जहाज दिवसाला तेवढंच खाली उतरतं.

त्यांनी हिशेब तीनदा केला. जहाज किनाऱ्यापासून किती लांब आहे ते यावरून कळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण चाल हीच राहिली तर पुढच्या शनिवारी दुपारी ते इथल्याच बंदराच्या रेघेवर येणार होतं. अचूकरावांना एकदम रडू आलं. ते बराच वेळ नकाशावर पाणी पडू नये म्हणून मान बाजूला करून बसून राहिले.

आईला त्यांनी रविवारी सांगितलं. ती रेडिओवर हवामानाच्या बातम्या ऐकत होती. एकतीस वर्षांत तिनं त्या चुकवल्या नव्हत्या, आणि दादा बुडाला असं लिहिलेल्या जहाज कंपनीच्या कागदावर सहीही केली नव्हती.

तिनं रेडिओचा आवाज कमी केला. "किती दिवस लागतील म्हणतोस?"

"शनिवार."

"बरं. मग त्याची गादी उन्हात टाकायला हवी," ती म्हणाली, आणि आवाज परत मोठा केला.

सोमवारी दोन वाजता झाकणात आठाचे दोनशे तेरा आकडे होते.

मंगळवारी अचूकरावांनी सेक्स्टंट पूर्ण खोलला. आता तो कप्तानाच्या कपाटात जाणार नव्हता. दादा येणार तर त्याची वस्तू त्याला लखलखीत मिळाली पाहिजे, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात होता. आरशांना नवा मुलामा चढवला, कमान तेलानं पुसली, दुर्बिणीची काच साफ केली. मग आरशामागच्या स्क्रूला किल्ली लावून पाव फेरा दिला. समोरच्या इमारतीच्या गच्चीची कड दुर्बिणीत दुभंगलेली दिसत होती, ती जुळून सलग झाली. चूक शून्य. इतकं सुरेख काम कित्येक वर्षांत हातून झालं नव्हतं, आणि ते स्वतःशीच शीळ घालत वर जेवायला गेले.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार, दांडी रोज सरकली. वजा करायला आता काही नव्हतं, कोन थेट वाचता येत होता. शुक्रवारची रेघ बंदरापासून जेमतेम दोन अंश वर होती. पाच वाजता चहाला बसल्यावर त्यांनी आईला ते सांगितलं. आणि काहीशा अभिमानानं हेही सांगितलं की दादाच्या सेक्स्टंटची ती जुनी चूक त्यांनी एकदाची काढून टाकली.

आईनं बशी खाली ठेवली.

"त्याला कळवलंस?"

"काय?"

"चूक काढली म्हणून. तो वजा करत असेल ना अजून?"

दादा आठ वजा करत असेल. मंगळवारपासून रोज, पाठ असलेले आठ. जहाज जिथं आहे त्याच्या आठ मैल उत्तरेला आहे असं त्याला वाटत असेल. बंदराच्या तोंडाशी आलो अशा समजुतीनं तो किनाऱ्याकडे वळेल, तेव्हा प्रत्यक्षात आठ मैल दक्षिणेला असेल. बंदराच्या दक्षिणेला आठ मैलांवर काय आहे, हे बघायला त्यांना नकाशा लागला नाही. ती बुडालेल्या खडकांची रांग गावातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक होती.

ते चहा तसाच टाकून खाली धावले. किल्ली लावली आणि स्क्रू उलटा फिरवला. स्क्रू फिरला, पण आरसा हलला नाही. शंभर वर्षांचे आटे पाव फेऱ्यानंच झिजले होते. त्यांनी मेण घालून पाहिलं, तार गुंडाळून पाहिली. आरसा आपल्या अचूक जागी बसून होता.

मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि झाकणात, शेवटच्या आठाखाली, ठळक लिहिलं, "दादा, चूक आता शून्य आहे. आठ वजा करू नकोस."

लिहून झाल्यावर त्यांना आठवलं की दादा झाकणातला कागद फक्त सोमवारी बघतो.

बंदराच्या कार्यालयात त्यांनी फोन केला. कारकून म्हणाला, उद्या एकही जहाज अपेक्षित नाही, समुद्र शांत आहे, आणि तुम्हाला कोणतं जहाज म्हणायचंय? अचूकरावांनी जहाजाचं नाव सांगितलं. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं कारकून म्हणाला, "काका, असं कुठलंच जहाज यादीत नाही," आणि फोन हळूच ठेवला.

शनिवारी ते बाराला जेवायला गेले नाहीत. सेक्स्टंट समोर ठेवून, टेबलाच्या कडा धरून बसून राहिले. बारा वाजून गेले. दांडी जागची हलली नाही.

साडेबाराला आईनं वरून हाक मारली.

"येतो," ते मान वळवून म्हणाले.

मान परत वळवली तेव्हा दांडी सरकलेली होती.

त्यांनी कोन वाचला. पंचांग उघडलं. रेघ मारली. पेन्सिल बंदराच्या दक्षिणेला थांबली. आठ मैल. ना एक कमी, ना एक जास्त.

रविवारी रेघ तिथंच आली.

सोमवारी ते जेवायला वर गेले, कारण खाली बसून राहण्याचं धैर्य झालं नाही. दोन वाजता आले. दांडी त्याच अक्षांशावर. त्यांनी पेटी जवळ ओढली आणि झाकण उजेडाकडे धरलं.

त्यांच्या ओळीखाली एक शून्य होतं.

त्यापुढे, दादाच्याच अक्षरात, "कुणी हात लावला?"

वरून आईचा आवाज आला. "कुठवर आलाय रे?"

"आठ मैलांवर आहे," अचूकराव म्हणाले.

"मग आलाच की," ती म्हणाली. गॅलरीत गादी झटकल्याचे आवाज येत राहिले.

अचूकरावांनी पेन्सिलीला टोक काढलं. एकतीस वर्षं उशिरा का होईना, या वेळी खरं सांगायचं असं त्यांनी ठरवलं होतं. दादाच्या ओळीखाली त्यांनी टोक टेकवलं आणि लिहिलं, "मी."

काहीच उमटलं नाही. त्यांनी पुन्हा लिहिलं, जोर देऊन. कागद फाटला. बोट लावून पाहिलं तर तो आरपार भिजलेला होता, आणि बोट ओठाला लागलं तेव्हा खारट लागलं.

वरची दादाची ओळ तेवढी कोरडी होती.