दार उघडलं तरी

‘प्रशिक्षणार्थी लालसू याने सूचना डावलून लेथ यंत्राचे दार उघडले व फिरत्या जॉबला हात लावला. सबब त्याची दोन बोटे तुटली. सबब त्याचे नाव कमी करण्यात येत आहे.’ निदेशक गुणवंतरावांचा हा अहवाल अत्यंत सुवाच्य होता. लालसू दवाखान्यात ग्लानीत होता. त्याचे म्हणणे विचारण्याची गरज अहवालाला भासली नव्हती. उणीव एवढीच, की लालसूच्या रक्ताळलेल्या रुमालात गुंडाळून घरी आलेला लोखंडी ठोकळा चौकोनी होता, आणि त्याच्या मधोमध सरळ खाच होती.

लालसूच्या धाकट्या बहिणीने, मंगलीने, तो ठोकळा आपल्या वर्गातल्या अरीबा आणि पवनपुढे ठेवला. अरीबाचे अब्बा गुलाम रसूल वैनगंगेकाठच्या त्याच प्रशिक्षण केंद्रात मशीन दुरुस्त करत.

“लेथवर जॉब, म्हंजे कापायचा तुकडा, फिरते, हत्यार जागीच राह्यते. म्हणून तिथी गोल वस्तू होते,” अरीबा म्हणाली. “मिलिंगवर उलटं. जॉब शिकंज्यात गच्च, अन् कटर फिरते. हे खाच मिलिंगचीच हाये.”

“मंग दादानं फिरत्या जॉबले हात लावला कुठी?”

“मिलिंगवाल्या खोलीत तर गुणवंतराव कोणाले जाऊ देत नाई. झपाटली हाये म्हणते,” अरीबाने सांगितले.

“भूत बी आता मशीन शिकून राह्यलं का?” पवन म्हणाला.

दिवाळीच्या सुटीतल्या त्याच दुपारी ठोकळा केंद्राच्या प्राचार्या शमसुन्निसा मॅडमच्या टेबलावर गेला. “मशीनचा दोष निघाला, तर लालसूचं नाव परत चढेल,” त्या म्हणाल्या आणि गुणवंतरावांना आणि मुलांना घेऊन कार्यशाळेत आल्या.

आत तेलाचा शिळा वास होता. गुलाम रसूल यांनी लेथ सुरू करून दार उघडले. दाराला लावलेल्या स्विचमुळे लेथ तत्क्षणी थांबली. अहवालातला अपघात तिथे घडूच शकत नव्हता. मग त्यांनी पलीकडची ‘झपाटलेली’ खोली उघडून मिलिंग मशीन सुरू केली. मशीनच्या काचेच्या दारामागे कटर किंचाळू लागला. खाली फरशीवर, पुसूनही न गेलेला, हाताएवढा तपकिरी डाग होता.

मंगली त्या डागाला वळसा घालून पुढे झाली आणि तिने दाराची मूठ धरली. मुठीतली थरथर तिच्या कोपरापर्यंत चढली. दादाचा हात इथेच होता.

“मले भुताचं भेव नाई, गुणवंतभाऊ,” ती म्हणाली. “दार उघडलं का हे बी थांबनच ना?”

ती दार ओढणार नव्हती. पण हे गुणवंतरावांना ठाऊक नव्हते. त्यांचे शब्द, जसेच्या तसे, असे:

“हात काढ, पोरी. दार उघडलं तरी ते थांबत नाई. काम लवकर उरकावं म्हणून दाराचा स्विच मीच तारेनं बांधला, अन् लालसूले तिथी मीच उभा केला.”