पिवळ्या वायरीचा सभ्यपणा

सन २०४७. कोल्हापूरच्या दृश्यस्मृती प्रयोगशाळेत, काही कोटींच्या उपकरणांच्या मधोमध, एक जुना कॅमकॉर्डर मानाने ठेवला होता. त्याचा उघडमीट करायचा छोटा पडदा केव्हाच मेला होता. अंगावर 'शुभविवाह' असं सोनेरी अक्षरांचं स्टिकर होतं, तेवढं मात्र शाबूत होतं.

"कॅसेट आता एकदाच फिरेल," प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. इरफान मुजावर म्हणाले. "टेपवरचा लेप सुटायला लागलाय. जे काय संगणकात घ्यायचं ते याच खेपेला. कस्तुरी, वायर कुठली लावायची?"

कस्तुरी मगदूम ही त्यांची सहायक अभियंता. एरवी असल्या प्रश्नाला ती डोळे मिटून उत्तर देत असे. पण आज त्या वायरीवर तिचं लग्न लटकलं होतं.

प्रकरण असं होतं. चाळीसेक वर्षांपूर्वी गावच्या जत्रेत तिचे आजोबा आण्णासो मगदूम आणि शेजारच्या गावचे तातोबा खाडे यांची कुस्ती झाली. अंधार पडत आला, पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. सुटण्याआधीच्या झटापटीत समोरच्याची पाठ मातीला लागली होती, असं दोघंही सांगत. पण ते चहा पिताना सांगायचं भांडण होतं. आठ वर्षांपूर्वी, ती कुस्ती टिपणाऱ्या शूटिंगवाल्याने दुकान बंद करताना कॅसेट कपाटातून काढली, दोघांना एकेक प्रत दिली, आणि चहा बंद झाला. कारण आता दोघांकडे पुरावा होता. आण्णांच्या प्रतीत तातोबा चितपट होते. तातोबांच्या प्रतीत आण्णा.

अशात कस्तुरी आणि तातोबांचा नातू अभिराज यांनी परस्पर लग्न ठरवलं. दोन्ही आजोबांनी एकच अट घातली: साखरपुड्यात समोरच्याने चारचौघांत कबूल करावं, की माझी पाठ लागली होती.

ते दोघं आत्ता बाहेरच्या बाकाच्या दोन टोकांना बसले होते. मधे तिघं मावतील एवढी जागा होती.

"यूएसबी तर नकोच," कस्तुरी म्हणाली. "या कॅमेऱ्यात ती फोटो काढून घ्यायला दिलीय. व्हिडिओ आलाच तर पोस्टाच्या तिकिटाएवढा येईल. फायरवायर लावू या. टेपवरचा आकडा न् आकडा जसाच्या तसा येतो."

"शूटिंगवाल्याने प्रती काढताना तीच लावली होती."

"मग?"

"मग तुला दोन आजोबा जिंकलेले मिळाले. इकडे ये."

डॉक्टरांनी दोन्ही घरांतून आणलेल्या प्रती शेजारी शेजारी लावल्या. सुरुवातीपासून चित्र एकसारखं होतं, धूसर, माती उडालेलं. शेवटच्या झटापटीशी मात्र दोन्हीकडे एकदम लख्ख झालं. एकीकडे आण्णा तातोबांच्या छातीवर, दुसरीकडे तातोबा आण्णांच्या. दोघांच्याही केसांचा भांग जागच्या जागी.

"अर्धा तास मातीत लोळून भांग राहतो?" डॉक्टरांनी विचारलं.

कस्तुरी खाली बसली. "उणीवपूरक."

"तोच. आता मला समजावून सांग. मी तुझ्या आण्णांच्या जागी आहे."

"टेप खराब झाली की चित्राचे काही तुकडे वाचता येत नाहीत," ती सावकाश सांगू लागली. "कॅमेरा तिथे आधीच्या चित्रातला तुकडा लावून वेळ मारून नेतो. पण फायरवायरमधून पाठवताना प्रत्येक ठिगळाबरोबर चिठ्ठी जोडतो, की हा तुकडा उसना आहे. ती भंगखूण. शूटिंगवाल्याच्या जुनाट संगणकाने त्या खुणा प्रतींसोबत तशाच पुढे दिल्या. पण हल्ली प्रत्येक संगणकाच्या खोबणीतच उणीवपूरक बसवलेला असतो, तो काढता येत नाही. तो भंगखुणा वाचतो आणि तिथे स्वतःचं चित्र भरतो. निम्म्याहून जास्त खुणा दिसल्या तर सगळं दृश्यच नवं रचतो, आणि मूळ पुसून टाकतो."

"नवं कशावरून रचतो?"

"प्रत ज्या घरात उघडली, तिथे जे साठवलेलं असेल त्यावरून." ती थांबली. "आमच्या घरी आण्णांचे गदा घेतलेले फोटो आहेत. शेकड्यांनी."

"आणि खाड्यांकडे तातोबांचे. बिचाऱ्या यंत्राने घरच्यांना आवडेल ते केलं. पाहुणा शहाणा असला की असंच वागतो. आता औषध सांग."

तिने खणातून तीन तोंडांची वायर काढली. पिवळी चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. ही जुनी वायर तिने शिकताना एकदाच हाताळली होती, तीही संग्रहालयाच्या सहलीत.

"पण सर, हिच्यातून चित्र पुसट होतं. दर्जा जातो."

"दर्जा जातो. चुगलीही जाते."

तिला उमगलं. पिवळी वायर फक्त चित्र नेते. खरा तुकडा आणि उसना तुकडा एकाच रांगेत, चिठ्ठीशिवाय. उणीवपूरकाला एकही खूण दिसणार नाही. खूण नाही म्हणजे उणीव नाही, आणि उणीव नाही म्हणजे तो जागचा हलणार नाही.

"म्हणजे ही वायर खोटं बोलते?"

"छे. न विचारलेलं सांगत नाही, एवढंच. सभ्य वायर आहे. बोलाव त्या दोघांना."

दोन्ही आजोबा आत आले. कस्तुरीने पिवळी वायर जोडली, मनातल्या मनात अभिराजचा निरोप घेतला आणि बटण दाबलं.

पडद्यावर लाल माती उजळली. दोन तरणेबांड गडी एकमेकांच्या मानगुटीला भिडलेले होते.

"बघ, कसा घामाघूम झालाईस," आण्णा म्हणाले.

"घाम न्हवं, त्याल हाय त्ये. तुझा हात निसटतोय बघ की."

"आण्णा, गप बसा की जरा," कस्तुरी म्हणाली.

झटापट जवळ आली. चित्राच्या फरश्या उखडू लागल्या, एक इकडची, एक तिकडची. आण्णांनी खुर्चीचा हात धरला. तातोबांनी टोपी काढून मांडीवर घेतली. आणि नेमक्या त्या क्षणी कॅमेरा वळला.

तो मंचाकडे वळला. उखडलेल्या फरश्यांमधूनही स्पष्ट दिसत होतं: प्रमुख पाहुण्यांचा फेटा सुटला होता आणि दोन माणसं तो पुन्हा बांधत होती. कॅमेऱ्याने फेट्याचा पहिला वेढा टिपला, दुसरा टिपला, तुरा काढतानाचं तर जवळून घेतलं. मागे हजारो माणसं ओरडत होती. शिट्टी झाली. कॅमेरा सावकाश परत आला, तेव्हा पंच दोघांचे हात वर धरून उभे होते.

कॅसेट करकरली आणि थांबली. कायमची.

"ह्यो येडा तिकडं कशाला बघतोय?" आण्णांनी विचारलं.

"लग्नाचा शूटिंगवाला की त्यो," तातोबा म्हणाले. "फेटा दिसला की वळणारच."

"मग माझ्या घरात जे हाय त्ये काय हाय?"

"संगणकाने रचलेलं," डॉक्टर म्हणाले. "दोन्हीकडचं. चितपटीचं चित्र या टेपवर कधी नव्हतंच."

आण्णांनी खुर्चीचा हात सोडला.

"आठ वर्सं," आण्णा म्हणाले, "जेवन झालं की मी तुला टीव्हीवर पाडतोय."

"मी तर तुला जेवायच्या आधी पाडतोय. भूक लागती."

पहिल्यांदा कोण हसलं ते सांगता येणार नाही. तेही कॅमेऱ्यात आलेलं नाही. हसता हसता तातोबांना ठसका लागला आणि आण्णांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच.

"बरोबरीच म्हनायची मग," आण्णा म्हणाले.

"पंच काय येडं हुतं व्हय? बरोबरीच हुती. पोरी, साखरपुडा कवा धरायचा?"

कस्तुरीने अभिराजला निरोप पाठवला, त्यात नुसती फेट्याची खूण होती, आणि नळाखाली तोंड धुवायला गेली.

तेवढ्यात तातोबा टोपी विसरल्याचं निमित्त करून परत आले. टोपी डोक्यावरच होती.

"डॉक्टर," त्यांनी आवाज खाली घेतला. "त्या तुटक्या फरश्यांत, कडंला, कुनाचा खांदा-बिंदा न्हाई ना दिसला? मातीला लागलेला?"

"काहीच दिसलं नाही, तातोबा."

"कुटल्या दुसऱ्या मशीनमदी बी दिसनार न्हाई?"

"टेप संपली."

तातोबांनी छातीवरून पोतं उतरवल्यासारखा सुस्कारा सोडला आणि गेले. दार पुरतं लागायच्या आत आण्णा आले. ते काही विसरले नव्हते. त्यांनी खुर्ची ओढली, पाठीमागे पाहिलं, आणि खांदा हा शब्द न वापरता नेमकं तेच विचारलं. डॉक्टरांनी तेच उत्तर दिलं. आण्णा खुर्चीत अंमळ सैल झाले. मग उठले आणि बाहेर जाऊन "तात्या, थांब की, चहा घिऊ," असं ओरडले.

कस्तुरी परत आली तेव्हा डॉक्टर पिवळी वायर नीट गुंडाळून ठेवत होते.

"दोघं पुन्हा आत कशाला आले होते, सर? काही म्हणाले?"

डॉक्टरांनी खिडकीतून पाहिलं. चहाच्या गाड्यापाशी दोन म्हातारे एकाच बाकावर बसले होते. मधे कपबशा मावतील एवढीच जागा होती.

"चित्र दिसतंय ना?" ते म्हणाले. "तेवढं घे. चिठ्ठ्या मी पाठवत नसतो."