जेबेझची कडी

बसा, पण शेगडीच्या या बाजूला बसा. पाण्याकडच्या बाकावर मी कुणाला बसू देत नाही. का, ते सांगते.

गेल्या नोव्हेंबरात मी माझी बोट, मार्था, घेऊन ब्रिंडल्टनला आले ती निव्वळ हिवाळा काढायला. थंडीत कालव्याची दुरुस्ती निघते, वाटा बंद होतात, मग आम्ही बोटवाले एखादं गाव धरतो आणि वसंत येईपर्यंत बोट बांधून ठेवतो. दरवर्षी जागा धरायचं काम माझा नवरा रॉलंड करायचा. तो जूनमध्ये गेला. त्याला पुरून आलो त्याच संध्याकाळी आमची मुलगी इमोजेन म्हणाली, आई, बोट विक आणि माझ्याकडे कॉव्हेंट्रीला राहायला ये. मी म्हटलं, एक हिवाळा मला एकटीला काढू दे. काढला, तर हा विषय पुन्हा नाही. जागा सोडून पळाले, तर बोट तुझी, विकून टाक. ती हसली. तिच्या हसण्यानेच मला जास्त चेव आला.

मला पोचायला उशीर झाला होता. गावातला सगळा काठ बोटींनी भरलेला. बोगद्याच्या तोंडाशी असलेली शेवटची लोखंडी कडी तेवढी मोकळी होती. मी तिच्यात दोर ओवत होते, तेवढ्यात डेन्झिल त्याची कोळशाची बोट घेऊन आला. आम्हा सगळ्यांना कोळसा तोच पुरवतो, आणि गावभरच्या बातम्याही.

"मॅज, तिथे नको लावूस," तो म्हणाला. "ती जेबेझची जागा आहे."

"येणार कधी हा जेबेझ?"

"तेच तर कुणाला माहीत नाही."

मग त्याने सांगितलं. इंजिनं नव्हती तेव्हा बोटी घोडे ओढायचे. बोगद्यात घोड्याला वाट नाही, म्हणून बायको घोडा सोडून टेकडीवरून पलीकडे न्यायची आणि नवरा बोटीवर आडवा पडून बोगद्याच्या भिंतीवर पाय रोवत, भिंतीवरून चालल्यासारखा, बोट पुढे रेटायचा. जेबेझ टेकडीपलीकडच्या तोंडाने तसाच आत गेला. बायको घोडा धरून या कडीपाशी उभी राहिली. बोट बाहेर आलीच नाही. ती बाई जिवंत होती तोवर तिने या कडीला कुणाला दोर बांधू दिला नाही, आणि पुढे गावानेही ती रीत मोडली नाही.

मला त्या बाईचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मेलेल्याची जागा राखण्यासाठी जितीजागती मी कॉव्हेंट्रीला जाऊन बसायचं, हे काही मला पटेना. मी गाठ मारली. डेन्झिल एरवी चहाला थांबतो. त्या दिवशी कोळशाच्या गोणी छपरावर टाकून तो तसाच निघून गेला.

आठवडाभर काही झालं नाही. मग एके दिवशी बाजारातून आले तर माझे दोन्ही दोर सोडलेले, आणि छपरावर नीट गुंडाळून ठेवलेले. मार्था काठापासून हातभर सुटली होती. शाळेतल्या कार्ट्यांचं काम असेल म्हणून मी शिव्या घातल्या आणि पुन्हा बांधले. दुसऱ्या दिवशी तेच. कार्टी दोर सोडतात, गुंडाळून ठेवत नाहीत. तेही बोटवाल्यांच्या पद्धतीने, शेवटचा पदर आत खोवून... रॉलंड ठेवायचा तसे.

डिसेंबरात इकडे चारलाच दिवा लावावा लागतो. एकदा मी दिवा लावून याच शेगडीवर सूप ढवळत होते, तेव्हा आवाज आला. ठक... ठक... खिळे मारलेल्या बुटांचा. काठावरून कुणी गेलं तर आवाज काठाकडून येतो. हा पाण्याकडून येत होता, पत्र्याच्या पलीकडून, माझ्या कानाच्या उंचीवर. पुढच्या टोकाच्या नाळेपासून निघाला आणि सावकाश, भिंतीवरून चालल्यासारखा, एकेक पाऊल रोवत मागच्या सुकाणूपर्यंत गेला. मग बोगद्यातल्यासारखा ओल्या विटांचा आणि जुन्या काळच्या चरबीच्या दिव्याचा वास आत आला. पळी हातात तशीच राहिली. मी घाबरले, चांगलीच घाबरले.

सकाळी मार्था कालव्याच्या मध्यावर तरंगत होती आणि तिचं तोंड बोगद्यात शिरायच्या बेतात होतं. इंजिन लावून मी तिला कसंबसं मागे आणलं. नेमका त्याच दिवशी इमोजेनचा फोन. आवाज असा का येतोय, न्यायला येऊ का, विचारत होती. एक "हो" म्हटलं असतं तर सगळं संपलं असतं. मी म्हटलं, सर्दी झाली आहे.

फोन ठेवला आणि मला रॉलंडचा राग आला, इमोजेनचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो त्या जेबेझचा. काठाला जागा नसली की आम्ही बोटवाले दुसऱ्याची बोट आपल्या बोटीला बाजूने बांधून घेतो. विचारणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं. बोटी एकमेकींवर घासू नयेत म्हणून मी जुने टायर पाण्याकडच्या बाजूला टांगले, दिवेलागणीला नाळेवर उभी राहिले आणि बोगद्याकडे तोंड करून ओरडले, "हे बघ, मी जागा सोडणार नाही. माझंही जे काही आहे ते ही बोटच आहे. तुला यायचं तर बाजूला लाव. पण माझ्या दोरांना हात लावायचा नाही."

बराच वेळ काही नाही. मग मार्था हळूच कलली, शेजारी जड बोट येऊन टेकावी तशी. टायर चेपल्याचा आवाज आला... आणि सगळं शांत.

त्या रात्री कडाक्याची थंडी पडली आणि कालवा गोठला. सकाळी डेन्झिल काठाने चालत आला आणि माझ्या बोटीपलीकडे बघत उभा राहिला. या काठापासून त्या काठापर्यंत बर्फ होता. फक्त मार्थाच्या शेजारी, तिच्याच लांबीरुंदीचा, काळ्या पाण्याचा पट्टा मोकळा होता. माझ्या पाण्याकडच्या खुंटाला जाडजूड सुती दोर बांधलेला होता, निथळणारा. त्याचं दुसरं टोक पाण्यात गेलं होतं.

डेन्झिलने टोपी काढली. "तू त्याला बाजूला लाव म्हणालीस?"

"म्हणाले. माझे दोर सुटलेत का बघ."

ते सुटले नव्हते. पण तो खालच्या आवाजात म्हणाला, "अगं, बाहेरची बोट सुटल्याशिवाय आतली निघत नाही. आणि दुसऱ्याची गाठ आपण सोडत नाही. विसरलीस?"

विसरले होते. रागाच्या भरात पोरंसोरंही करणार नाहीत अशी चूक मी केली होती.

हिवाळा मात्र मी काढला. मार्च संपता संपता इमोजेन केक घेऊन आली, हरले म्हणाली, माझ्या गळ्यात पडून रडली. त्या पाण्याकडच्या बाकावर बसली तेव्हा तिला पाठीशी गार लागलं, म्हणून उठली. बाकीच्या बोटी एकेक करून गेल्या. तो दोर अजून ओलाच आहे. मी रोज सांगते, बाबा रे, मला दक्षिणेला जायचंय, सोड. नाहीतर राहा, मीही राहते, मला कसली घाई आहे?

आज सकाळी उठले तर माझे दोन्ही दोर छपरावर, पदर आत खोवून गुंडाळलेले. वारा सुटला होता, पाणी ओढत होतं, आणि काठाला धरून ठेवणारं काहीच नसताना मार्था जागची हलली नव्हती. मी ते दोर पुन्हा बांधले. दुहेरी गाठ मारली आणि पाण्याकडे बघून म्हटलं, बघू कोण आधी थकतं ते.

चहा घ्या, गार होतोय. आणि तुम्ही आलात तेव्हा काठावरून पाय उचलून सरळ आत आलात ना? आता काठ हातभर लांब गेलाय, बाहेर पडताना जरा उडी मारावी लागेल.