दादाच्या मागच्या चाकातली हवा

मला घाण सहन होत नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यामुळेच झालं. दुसऱ्याच्या उष्ट्या पेल्याला ओठ लावायचे म्हटलं तरी मला ढवळून येतं. दादा लहानपणापासून मला ‘फिनाईल’ म्हणतो.

त्याच्या फुप्फुसाच्या ऑपरेशनला वर्ष झालं, डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली आणि गड्यानं लगेच बेत आखला: जंगलातून समुद्रापर्यंत, मग किनाऱ्याकिनाऱ्यानं, पाच दिवसांत तीनशे किलोमीटर. त्याला एकटं सोडवेना, म्हणून मीही निघाले. हवेचा पंप माझ्या पिशवीत होता. ग्रीसनं नुसता बरबटलेला. माझ्या धुतलेल्या कपड्यांना लागू नये म्हणून मी तो पहिल्या मुक्कामी खिडकीत ठेवून दिला, दादाला न सांगता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ऐन जंगलात त्याचं मागचं चाक बसलं.

“पंप काढ.”

मी पिशवीची चेन उघडली आणि परत लावली.

“फिनाईल... पंप कुठंय?”

सांगितलं. तो चिडला नाही, हसला. तेच जास्त लागलं.

सायकली ढकलत दोन किलोमीटर गेलो. दादाला धाप लागली होती. एका वळणावर पत्र्याची शेड दिसली, दारात जुने टायर टांगलेले. आतल्या म्हाताऱ्यानं न बोलता ट्यूब काढली, ठिगळ लावलं, चाक परत बसवलं. सगळं अगदी नीट. पंप मात्र कुठेच दिसेना.

“हवा कशानं भरता?” मी विचारलं.

तो उठून दादाच्या अगदी जवळ आला. धापा टाकणाऱ्या त्या तोंडासमोर स्वतःचं तोंड नेऊन त्यानं छाती भरून श्वास आत ओढला, वाकला आणि व्हॉल्व्हला ओठ लावले. ओठांच्या कोपऱ्यांत पांढरा, बुळबुळीत थर साचला होता. एका दमात चाक दगडासारखं टणक झालं. त्यानं तोंड बाजूला केलं, तेव्हा व्हॉल्व्हपासून ओठांपर्यंत लाळेची तार ताणली गेली. मी तोंड फिरवलं.

“ही हवा सोडू नका,” तो म्हणाला.

“का?”

“यांचीच आहे...” त्यानं दादाकडे बोट केलं.

पुढे दादा, मागे मी. त्याच्या चाकातून वास येत होता. फुलदाणीत आठवडाभर सडलेल्या पाण्याचा, वर किडक्या दाताचा. रुमाल नाकाला बांधला तरी येतच होता. चढावर माझ्या लक्षात आलं, दादाला धाप लागत नव्हती. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता, पण पाठ हलत नव्हती. हलत होता तो टायर. किंचित फुगायचा... बसायचा... पुन्हा फुगायचा.

उन्हानं मला भास होतोय, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर मला त्या वासापुढे दुसरं काही सुचतच नव्हतं.

किनाऱ्यावरच्या गावात शिरताच मी दादाची सायकल पंक्चरवाल्यापुढे उभी केली. “आधी यातली घाणेरडी हवा सोडा.”

“अहो ताई, चाक तर टणक आहे.”

“सोडा म्हणते ना!”

त्यानं पिन दाबली. फुस्स झालं आणि तो बिचारा नाकावर हात धरून मागे सरला. “काय मेलंय आत?”

मागे दादा धपकन खाली बसला. ओठ निळे पडले होते. तोंड उघडं होतं, पण त्यातून काही आत जात नव्हतं, काही बाहेर येत नव्हतं. पंक्चरवाल्यानं घाईघाईनं कॉम्प्रेसरची हवा भरली. चाक फुगलं, दादा तसाच. लोक गोळा झाले, कुणी गाडीसाठी ओरडत होतं.

“पिन काढा आतली,” मी म्हणाले.

“ताई, आता चाकाचं काय घेऊन बसलात!”

“काढा...”

त्यानं पिन काढली, भरलेली हवा निघून गेली. व्हॉल्व्ह अजून चिकट होता. मी डोळे मिटले आणि तोंड लावलं. जी चव जिभेला लागली ती आजतागायत गेलेली नाही. तिसऱ्या फुंकरीला दादा खोकला.

घरी आल्यावर डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठणठणीत आहे म्हणाले. ते चाक माझ्या खोलीतल्या कपाटात असतं, कुलपात. किल्ली माझ्या गळ्यात. रोज सकाळी सहाला मी त्यात तोंडानं हवा भरते, मग ओकते, मग तीनदा दात घासते. दादा माझा आहे. किळस माझी मलाच ठाऊक.

काल मला सणकून ताप होता. रात्री आईच्या खोलीत झोपले आणि जाग आली ती नऊला. मी अनवाणीच धावले, कपाटाचं कुलूप काढलं.

चाक दगडासारखं टणक होतं. व्हॉल्व्हपासून लाळेची तार लोंबत होती, ओली.

स्वयंपाकघरात आले तर दादा टेबलाशी बसलेला. “आज फार बरं वाटतंय, फिनाईल,” तो म्हणाला. ओठांच्या कोपऱ्यांत पांढरा थर होता. त्यानं माझा चहाचा पेला उचलला, एक घोट घेतला आणि हसत माझ्यापुढे धरला.