मागचं इंजिन

त्या शुक्रवारी शेवटच्या डब्यातलं शेवटचं बाक तेवढं रिकामं होतं, आणि तेही उलट्या तोंडाचं. गाडी चढणार पुढे आणि मी बघणार मागे! कपाळाला हात लावून बसले, तोच पायथ्याच्या स्टेशनात मागून एक इंजिन आलं आणि डब्याला अलगद टेकलं. चढ उभा, म्हणून पुढचं इंजिन ओढतं आणि मागचं ढकलतं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक? मागच्या काचेपलीकडे चार हातांवर त्या इंजिनाची काच होती, आणि त्या काचेत — तो. माझ्याकडे टक लावून बघणारा.

एक वळण गेलं, दोन गेली... नजर हटेना.

डोळे तपासणं हा माझा धंदा. डोंगरापलीकडच्या दवाखान्यात दर शुक्रवारी चष्म्याचे नंबर काढायला नुकतीच जायला लागले होते. वाचता न येणाऱ्यांसाठीचा तक्ता पिशवीत होता. त्यावर अक्षरं नसतात, तीन दातांची एकच खूण असते. कुठे वर वळलेली, कुठे खाली, कुठे डावी-उजवीकडे. दात कुठे वळलेत ते पेशंटने बोटांनी दाखवायचं. म्हटलं, बघायची एवढी हौस ना? घे! तक्ता काचेला लावला.

तो गोंधळला. मग एक हात दांड्यावर तसाच ठेवून त्याने दुसऱ्या हाताची तीन बोटं उचलली. वर... डावीकडे... खाली... गाडी हलतेय, काचेवर पाण्याचे ओघळ — तरी थेट शेवटच्या बारीक ओळीपर्यंत, एक चूक नाही. असे डोळे अकरा वर्षांत मी तपासले नव्हते. आणि खरं सांगते, इतके सुंदरही.

माथ्यावर मागचं इंजिन सोडवायला गाडी पाच मिनिटं थांबते. चहाच्या खिडकीपाशी त्याला गाठलंच.

"असं बघतात का हो कुणाकडे?"

"मी... म्हणजे... समोर दुसरं काही नसतंच बघायला. नऊ वर्षं डब्याची पाठच बघतोय."

"म्हणजे मी डब्याची पाठ?"

तो कानापर्यंत लाल झाला. "साखर किती?" एवढंच बोलला, आणि चहा हातात देऊन पळाला.

पुढचे पंधरा महिने असेच गेले. काचेआड हा माणूस भलताच बोलका — भुवया, बोटं, खांदे, सगळं बोलायचं. ऊन कसंय, जेवलीस का, केस वेगळे का बांधलेस... आणि काच मधून गेली की वाचा बसायची. धाकट्या बहिणीने त्याचं नाव 'धक्कास्टार्ट' ठेवलं.

"काय म्हणाला गं तुझा धक्कास्टार्ट?"

"बरं म्हणाला."

"आणि?"

"आणि काय? बरं!"

मग दवाखान्याने मला कायमचं बोलावलं. पलीकडेच राहायचं, म्हणजे शुक्रवार संपले. त्याला सांगितलं. तो चहाच्या कपात बघत राहिला आणि म्हणाला, "बरं."

दवाखान्याला उत्तर सोमवारी द्यायचं होतं. रविवारची दोन तिकिटं मी काढली. "जो डोंगर रोज चढवतोस, तो एकदा समोरून बघ तरी," म्हटलं. आता विचारायचं तर मीही विचारलं असतं... पण पंधरा महिने मीच बोलत होते. एक वाक्य तरी त्याच्या वाट्याला ठेवावं की नाही?

खिडकीशी बसला आणि लहान मुलासारखा आ वासून बघत राहिला. दरीत ढग, कड्यावरून उडी घेणारं पाणी, वळणावर आपल्याच गाडीचं पुढचं टोक!

"हा पूल असा दिसतो?" तो हळूच म्हणाला. "मला तो फक्त ऐकू येतो."

सगळा डबा डोंगर बघत होता. मी त्याला बघत होते.

तेवढ्यात हिसका बसला आणि पायथ्याला घेतलेला माझा चहा मांडीवर सांडला. त्याने वैतागून मागच्या इंजिनाकडे पाहिलं. "घाई करतोय गडी. वळणावर हात हलका ठेवायचा असतो."

मी रुमालाने मांडी पुसली. पंधरा महिन्यांत चढावर माझ्या कपातला थेंब सांडला नव्हता. मला आपलं वाटायचं, चढच सोपा आहे!

शेवटचा बोगदा आला. आता बोलेल... आता...

"छान आहे डोंगर," तो म्हणाला.

"हो का," मी म्हटलं.

माथ्यावर गाडी थांबताच तो उठला. "आलोच." चहाला गेला असणार, दुसरं काय! पण तो खाली उतरून माझ्या खिडकीबाहेर येऊन उभा राहिला. मध्ये काच. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. बोट स्वतःकडे, मग डोंगरापलीकडे. मग माझ्याकडे. मग दोन्ही हात एकमेकांत घट्ट गुंफलेले...

सगळं कळलं. आणि मी मान हलवली — कळत नाही.

समोरच्या बाकावरच्या काकूंनी विणकाम खाली ठेवलं. "अगं, तो म्हणतोय की —"

"काकू, मला कळलंय. त्याला बोलू द्या."

पुढून शिट्टी झाली. त्याने एकदा इंजिनाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. गाडी हलली. तो बरोबर चालायला लागला, मग धावायला, आणि इतक्या मोठ्याने ओरडला की आख्ख्या फलाटाने मान वळवली —

"पलीकडच्या शेडमध्ये बदली मागितलीय! तू सांगितलंस त्याच दिवशी! लग्न कर माझ्याशी!"

काकूंनी टाळी वाजवली. मग मी तीन बोटं काचेला लावली आणि दाराकडे वळवली. त्याने ती बरोब्बर वाचली.

धापा टाकत येऊन शेजारी बसला. मागे सुटं झालेलं इंजिन लहान लहान होत गेलं.

"म्हणजे... हो ना?"

मी खिडकीबाहेर बघत, सगळं हसू ओठांत दाबून म्हटलं, "बरं."