बाराच्या आतली खोली

आमच्या कंपनीचं काम दारं उघडण्याचं. वयस्कर लोकांसाठी बांधलेल्या इमारतींमध्ये प्रत्येक दाराला आम्ही वेबवरचा एक पत्ता देतो. कार्ड टेकवलं की त्या पत्त्यावर विनंती जाते आणि कुलूप निघतं. आग लागली तर शोधाशोध नको, म्हणून आत किती माणसं आहेत तेही दिसतं. हे सगळं लिहिणारी मी, आणि माझ्याच कपाटाची किल्ली मला कधी सापडत नाही, यावर बाबा पूर्वी पोट धरून हसायचे.

बाबा अशाच एका इमारतीत राहायचे, माझ्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर. वर्षभरात त्यांचं विसरणं फार वाढलं होतं. मला ते ताई म्हणायला लागले होते, त्यांच्या मोठ्या बहिणीला म्हणायचे तसं. मी ओ द्यायचे. चूक दाखवली की ते कावरेबावरे व्हायचे आणि मग मला दिवसभर चैन पडायची नाही. त्यांच्या घराचा नंबर १२/३. मालकाने बारा नंबरचं मोठं घर मोडून, मध्ये भिंती घालून तीन लहान घरं केली होती. बाकीची दोन अजून रिकामी होती.

त्या आठवड्यात मी कामातली एक जुनी कटकट निस्तरली. वेबच्या पत्त्यात काही चिन्हं राखीव असतात, प्रश्नचिन्ह, तिरकी रेघ वगैरे. ती एखाद्या नावात आली, तर टक्क्याचं चिन्ह लावून त्यांचं रूप बदलावं लागतं. तिरक्या रेघेच्या जागी %2F लिहायचं, म्हणजे ती नावाचाच भाग धरली जाते. आमच्याकडे हे काम कुणीतरी हाताने लिहून ठेवलं होतं, ठिगळावर ठिगळ. मी ते काढून टाकलं आणि तयार कोडच्या लायब्ररीतलं, हेच काम करणारं फंक्शन बसवलं. चाचण्या पास झाल्या. मी स्वतःवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी इमारतीच्या व्यवस्थापकाचा फोन आला. बाबा घरात नव्हते आणि बाहेर पडतानाही कुणी त्यांना पाहिलं नव्हतं. मी निघता निघताच फोनवर दारांच्या नोंदी उघडल्या. तिथे लिहिलं होतं: घर १२, आतली खोली ३, दार उघडलं. आत माणसं: एक.

मी पोहोचले तेव्हा बाबा आपल्या पलंगावर बसलेले होते. व्यवस्थापक दारात घाम पुसत उभा होता. आत्ताच पलंगाखाली वाकून बघितलं होतं मी, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. बाबांच्या शर्टाला ओल्या चुन्याचा वास येत होता.

"कुठे गेला होतात?" मी विचारलं.

"आतल्या खोलीत."

"इथे आतली खोली नाही, बाबा."

"मग दार कशाला उघडलंस, ताई?"

मला हसू आलं नाही. एक पलंग, एक कपाट, ओटा आणि मोरी, एवढंच ते घर. मी तरीही कपाट सरकवून बघितलं. मागे भिंतच होती.

चूक सकाळी सापडली. लायब्ररीचं फंक्शन बाकी सगळी राखीव चिन्हं बदलतं, पण मुद्दाम सांगितलं नाही तर तिरक्या रेघेला हात लावत नाही. पत्त्यात ती बहुतेकदा वाट दाखवायलाच असते, म्हणून. त्यामुळे १२/३ या नावाचे दोन तुकडे झाले होते: आधी घर बारा, मग त्याच्या आत खोली तीन. अशी चूक आमच्या धंद्यात कुणाकडूनही होते. पण त्या पत्त्यावर काहीच नव्हतं. बारा नंबरचं घर तर केव्हाच मोडलं होतं.

"मग 'सापडलं नाही' असं उत्तर यायला हवं," चाचण्या घेणारी आमची टेस्टर म्हणाली. "'उघडलं' कोण म्हणालं?"

मी चारपासून पुढच्या खोल्यांचे पत्ते पाठवून पाहिले. सापडल्या नाहीत. एक आणि दोनही नाहीत. फक्त तीन सापडायची. टेस्टर खुर्ची घेऊन जरा लांब सरकली. मी फंक्शनला तिरकी रेघही बदलायला सांगितलं आणि दुरुस्ती चढवली. आता दार उघडेल ते १२/३चंच. मला हायसं वाटलं.

मग मी स्क्रीनकडे पाहिलं. १२/३, आत माणसं: शून्य. त्याखाली जुन्या चुकीच्या पत्त्याची ओळ अजून होती. आत माणसं: एक.

मी बाबांना आत ठेवून दार बंद केलं होतं.

मी लॅपटॉप उचलला आणि धावतच त्यांचं घर गाठलं. ओट्यावरचा चहा अजून गरम होता. मी भिंतीला कान लावला. पलीकडून कुणीतरी तळहाताने भिंत चाचपत होतं. हळूहळू, एका कोपऱ्यापासून.

पलंगावर बसून मी लॅपटॉप उघडला आणि दुरुस्ती काढून टाकली. तिरकी रेघ होती तशी ठेवून पत्ता पाठवला.

उघडलं.

मागे चपला वाजल्या.

"भिंगरी, किती घामाघूम झालीस," बाबा म्हणाले. "जरा एका जागी बस की."

लहानपणी ते मला भिंगरी म्हणायचे. वर्षभरात हे नाव मी ऐकलं नव्हतं. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. त्यांना सगळं आठवत होतं. आईचं आजारपण, माझं नापास होणं, मी लपवलेलं प्रगतिपुस्तकसुद्धा. माझे बाबा मला परत मिळाले होते.

फोन थरथरला.

१२/३, आत माणसं: दोन. घर १२, आतली खोली ३, आत माणसं: एक.

खाली नवी विनंती आली होती. आतल्या बाजूने. दार उघडा.

बाबांनी माझ्या खांद्यावरून स्क्रीन वाचली. त्यांचा हात थंड होता.

"तुझं ते काम आधी पुरं कर," ते म्हणाले. "अर्धवट ठेवू नये."

मी दुरुस्ती पुन्हा चढवली.

आता बाबा माझ्याकडेच राहतात. कोडी सोडवतात, माझ्या जेवणाच्या वेळांवरून टोमणे मारतात. आतून विनंत्या अजून येतात. प्रत्येकीला एकच उत्तर जातं: असा पत्ता सापडला नाही. सुरुवातीला त्या एकामागून एक यायच्या. मग थांबून थांबून. आज सकाळपासून एकही आली नाही. मी फोन हातातून खाली ठेवलेला नाही.

बाबा ओट्यापाशी चहा गाळत होते. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

"दमला असेल," ते म्हणाले.