यादीत नसलेली नावं

"लॉर्कन," मी पुकारलं, आणि मँचेस्टरच्या आमच्या एक्स-रे विभागात एक उंच माणूस सुजलेलं मनगट सांभाळत उठला.

"इथे पहिल्यांदाच कोणी न अडखळता हाक मारली."

"नावं पुकारायचाच पगार मिळतो मला. अर्थ काय हो तुमच्या नावाचा?"

"छोटा उग्र. आयरिश आहे. डब्लिनला फार पूर्वी या नावाचे एक संत होऊन गेले."

उग्र? आणि चष्म्यावरचा पाऊस स्वेटरच्या बाहीने पुसणारा हा माणूस? मला हसू आलं. कित्येक दिवसांनी...

मनगट बरं झालं, तरी तो दुपारी हॉस्पिटलच्या कॅन्टीनला येत राहिला. एकदा मी गंमत म्हणून त्या वर्षीची, २००५ची, बाळांच्या नावांची यादी छापून नेली. पहिल्या शंभरात लॉर्कन नव्हता.

"आजोबांचं नाव मला दिलं. इथे ऑफिसात सगळे लॅरी म्हणतात, सोपं पडतं त्यांना," तो म्हणाला. "तू वैजयंती. तुझं कोणी ठेवलं?"

सांगू नये असं वाटत होतं, तरी सांगितलं. आमच्यात लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. माझ्या नवऱ्यानेही लिहिलं होतं. तीन वर्षांनी तो सोडून गेला, नाव मात्र पासपोर्टवर आणि छातीवरच्या बिल्ल्यावर राहिलं.

"आधीची मी मालविका. तशी हाक फक्त आई मारायची. ती जाऊन पाच वर्षं झाली... आता कोणीच नाही."

पुढच्या सोमवारी तो म्हणाला, आयर्लंडमध्ये, गॉलवेला नोकरी मिळालीय, शनिवारी निघतोय. मी "छान" म्हटलं आणि ट्राममध्ये खिडकीकडे तोंड करून रडले.

शुक्रवारी कॅन्टीनमध्ये त्याच्यासमोर ताटात कोरडे तांदूळ पसरलेले होते. त्यावर बोटाने, वाकड्यातिकड्या देवनागरीत लिहिलं होतं – मालविका.

"चार दिवस गिरवतोय. अंगठी अजून घेतली नाही... आधी विचारावं म्हटलं."

"अरे, नवं नाव लिहायचं असतं."

"नवं कशाला? तुझं आहे की." त्याचे कान लाल झाले होते. "येशील गॉलवेला? माझ्याबरोबर?"

"आधी हाक मार."

"मालविका..."

"ओ," मी म्हणाले. पाच वर्षांत पहिल्यांदाच त्या नावाला मी ओ दिली होती.